तळवलीचा संदर्भ

तुम्हाला चोर म्हणणार नाही मी. चोराला निदान ठाऊक असतं की वस्तू कुणाची होती. तुम्ही वस्तू उचललीत, वापरलीत, आणि ती ज्या घरातून आणली त्या घराचा पत्ता पुसायला सांगितलंत. तेही इतक्या सभ्य इंग्रजीत की पुसणाऱ्या बाईला वाटावं, आपण फरशी स्वच्छ करतोय. ती बाई मी. तुमचं प्रसूती आणि स्त्रीरोगाचं नियतकालिक जगभर जातं, पण जगभर जाण्याआधी ते महाप्याच्या एमआयडीसीत, तिसऱ्या मजल्यावर, माझ्यासमोर येतं. डॉक्टर मंडळी लेख लिहितात, तुम्ही संपादक ते पास करता, आणि लेखाच्या शेवटी जी संदर्भांची शेपटी असते, कुणी आधी काय शोधलं आणि आपण ते कुठून घेतलं याची, ती शेपटी मी तपासते. नाव बरोबर आहे का, साल बरोबर आहे का, वर मजकुरात उल्लेख आहे का. मी डॉक्टर नाही. बी.कॉम. झाले, तेही नोकरी करत. तुमची भाषा मला कुणी शिकवली नाही, तुमच्या शेपट्या साफ करता करता ती मला आली. त्यामुळे तुम्ही काय म्हणता ते मला कळतं, आणि काय म्हणत नाही तेही आता कळायला लागलंय.

मंगळवारी जेवण झाल्यावर तुमची फाइल आली. हापिसात एसी असा लावतात की मान आखडते, म्हणून मी ओढणी गळ्याभोवती गुंडाळून बसते. खिडकीतून पारसिकचा डोंगर दिसतो, त्याच्या कुशीत खाणीचा पांढरा ओरखडा. फाइलबरोबर सूचना होती: दहा वर्षांपेक्षा जुने संदर्भ शक्य तिथे काढावेत आणि त्याऐवजी आमच्याच नियतकालिकात गेल्या दोन वर्षांत आलेले लेख द्यावेत. काढायचे ते तुम्ही लाल करून ठेवले होते, नवे कुठले घालायचे तेही शेजारी लिहून दिलं होतं. लेखकाला विचारायची गरज नाही, असंही होतं. नेहमीचंच काम. मी एकेक लाल ओळ उडवत खाली आले, आणि एका ओळीशी बोट थांबलं. अंग बाहेर येण्याच्या, म्हणजे गर्भपिशवी खाली उतरण्याच्या, आजारावरचा जुना अभ्यास. डॉक्टर स्मिता अमुक, आणि मथळ्यात ठाण्याच्या खाडीकाठची मिठागरं आणि माझं गाव. तळवली. रोमन अक्षरांत. आपलं गाव परक्या लिपीत पाहिलं की कसं होतं सांगू? भर बाजारात कुणी आईला तिच्या माहेरच्या नावानं हाक मारावी, तसं. मी इकडेतिकडे पाहिलं. शेजारची पोरगी कानात वायरी घालून तुमचाच दुसरा लेख साफ करत होती. कुणाला काही झालेलं नव्हतं.

जुने संदर्भ तुम्हाला का नको असतात, ते इथं सगळ्यांना माहीत आहे. प्यूनलासुद्धा. नियतकालिकाची एक पत असते. गेल्या दोन वर्षांत तुम्ही छापलेल्या लेखांचा इतरांनी किती वेळा उल्लेख केला, त्यावर ती ठरते. जुन्या लेखाचा उल्लेख झाला तर तुमच्या पतीत भर पडत नाही. दुसऱ्याच्या लेखाचा झाला तर दुसऱ्याची पत वाढते. मग तुम्ही आल्यागेल्या लेखकाच्या गळ्यात आपलेच ताजे लेख बांधता. ब्लाउज शिवणारीला फॅशन आधी कळते, तसं मला तुमचं सगळं आधी कळतं. एक काळ टेस्ट ट्यूबचा आला, तेव्हा प्रत्येक शेपटीत तेच. मग रोबोटनं केलेल्या शस्त्रक्रिया. कोविडच्या वर्षी पोटुशी बाई आणि कोविड एवढं लिहिलं की ज्याचा त्याचा उल्लेख होऊन सगळ्यांची पत फुगली. हल्ली सोनोग्राफी यंत्र स्वतःच वाचतं, त्याची चलती आहे. वाईट काहीच नाही त्यात, माझ्या भावाचा मुलगासुद्धा टेस्ट ट्यूबचाच. पण अंग बाहेर येणं कधी फॅशनमध्ये आलं नाही. ते म्हाताऱ्या, गरीब, वाकून चालणाऱ्या बायकांना होतं, आणि त्या बायका कुणाचा उल्लेख करत नाहीत. त्या तर स्वतःच्या आजाराचाही उल्लेख करत नाहीत.

हे मला कुठल्या लेखातून कळलेलं नाही. माझी आई गोजरा गावची धवलारीण होती. आमच्या आगरी लग्नात ब्राह्मणाआधी तिचा मान. रात्ररात्र मांडवात बसून ती धवले गायची आणि लग्न लावायची. मी शाळेत होते तेव्हा कधीतरी तिनं ते सोडलं. आवाज बसला म्हणाली. आवाज काही बसला नव्हता, भांडताना तो अख्ख्या आळीत जायचा. मी मोठी झाले, नोकरीला लागले, तरी मला हे दिसलं नाही की आई कधी सरळ बसत नाही, एका कुल्ल्यावर टेकते आणि उठून उभी राहते. की तिची एक सुती घडी वेगळी धुतली जाते आणि दोरीवर साडीच्या आत वाळते. बाईच्या घरात बाईच्या अंगाचा वास असतो, त्याला आपण घराचाच वास समजतो. शेवटी दिपेशच्या, माझ्या भावाच्या, हळदीच्या दिवशी ती पाटावर बसेना, मी हात धरून बसवायला गेले आणि तिनं माझा हात असा झिडकारला की मला राग आला. स्वयंपाकघरात नेऊन विचारलं. ती भिंतीकडे बघून म्हणाली, "अंग खाली आयलंय माजा. तुज्या जल्मापासून. आता तू पन ओरड." मी ओरडले नाही. महापालिकेच्या दवाखान्यात नेलं, तिथल्या पोरसवदा डॉक्टरनं आत एक रबरी रिंग बसवली, हातभर सूचना दिल्या, आणि बाहेर आल्यावर आई बाकड्यावर बसली. सरळ, दोन्ही कुल्ल्यांवर, पाठ टेकवून. आणि म्हणाली, "येवराच व्हता?" एवढंच होतं. अख्खं तरुणपण उभ्यानं गेलं, आणि एवढंच होतं.

तर ती लाल ओळ मी उडवली नाही. तिच्यावर कर्सर लुकलुकत ठेवला आणि जुना लेख शोधला. कुठल्याशा वाचनालयानं केलेली धुरकट स्कॅन प्रत मिळाली. तीन पानं, तक्ते हातानं आखल्यासारखे. घणसोली, तळवली, गोठिवली इथल्या मिठागरात डोक्यावर मिठाच्या पाट्या वाहणाऱ्या बायका, त्यांची बाळंतपणं, त्यांचा आजार. या बायकांकडे कुणी तरी पाहिलं होतं. एमआयडीसीच्या बसमध्ये मी ती पानं मोबाइलवर पुन्हा पुन्हा मोठी करून वाचत होते, आणि मला वाटत होतं, घरी जाऊन आईला सांगावं की तू जगाच्या पुस्तकात आहेस.

आई ओट्यावर होती, शेजारची काशीमावशी सुकट निवडत बसलेली. मी सांगितलं. मग काशीमावशी म्हणाली, "ती पांढऱ्या चपलांची डॉक्टरीन? शालंच्या पडवीत बसवलं व्हतं आमाला?"

"तीच," आई म्हणाली. "लई गोरी व्हती. दवाखान्यात ये बोलली, रोज बुडवून कोन जानार व्हता? मना बोलली, लाजू नका. मी बोललू, तुमी लाजू नका, मंग आमी पन नाय लाजनार."

"तुला बोलायची घाईच."

"मंग काय लिव्हलंय गो तिनी आमचं?"

मी मराठी करत वाचत गेले. लग्नाची वयं, मुलं किती, दाई कोण. दोघी मान डोलवत होत्या. मग निष्कर्ष आला. या समाजात बाळंतपणानंतर सव्वा महिना पूर्ण विश्रांतीची प्रथा काटेकोर पाळली जाते, सर्व स्त्रियांनी तसं सांगितलं; म्हणून प्रसूतीनंतर लवकर वजन उचलणं हे या आजाराचं कारण इथे दिसत नाही. मी वाचून वर पाहिलं. काशीमावशीच्या हातातली सुकट तशीच राहिली होती.

"खरंच हाय," ती म्हणाली. "सवा मयना मिठावर कोन गेला नाय. इटाल असतो. बालंतीन गेली त मीठ नासतं बोलायचे."

"आणि घरी?" मी विचारलं.

"घरी काय?"

"घरी काय उचललंत?"

आई माझ्याकडे बघायला लागली, पोरीचं डोकं ठिकाणावर आहे ना अशा नजरेनं. "पानी कोन आननार व्हता, तुजा बापूस? बावडी पार त्या टोकाला. पाचवी झाली का डोक्यावर हंडा."

"मग डॉक्टरनं विचारलं तेव्हा का नाही सांगितलंत?"

"तिनी इचारलं, कामाला कवा गेल्या. कामाला आमी सव्या मयन्यानीच गेलू." आणि मग, समजूत घातल्यासारखं, "पान्याला काय कोन काम बोलतं का, मनस्वी?"

काशीमावशी हसायला लागली. "आन जलान? आन भाताचं पोतं? तुज्या सासूनी त तुला चवथ्या दिवशी जात्यावर बसवली."

"जात्यावर बसून गातात, त्याला काम नाय बोलत, त्याला हौस बोलतात." दोघी इतक्या हसल्या की सुकट सांडली. मी हसले नाही. त्या हसण्यामागे पांढऱ्या चपलांतली एक तरुण डॉक्टर बसली होती, प्रामाणिकपणे विचारत, आणि समोर या बसल्या होत्या, प्रामाणिकपणे सांगत. दोन्हीकडे कुणीच खोटं बोललं नव्हतं, आणि कागदावर खोटं उतरलं होतं.

त्या रात्री झोप लागली, पण वर वर. ज्या ओळीला मी दिवसभर छातीशी धरून फिरले, ती चुकीची होती. मग काय बिघडलं ती उडवली तर? सकाळी दात घासताना उत्तर आलं, आणि तोंडात फेस तसाच ठेवून मी उभी राहिले. तुम्ही ओळ उडवताय, वाक्य नाही. तुमच्या नव्या लेखातलं वाक्य तसंच राहतंय: किनारपट्टीच्या काही भारतीय समाजांत बाळंतिणींना पुरेशी विश्रांती मिळते, त्यामुळे तिथे वजनाबद्दल वेगळा सल्ला देण्याची गरज नाही. फक्त त्याच्यापुढचा संदर्भाचा आकडा बदलतोय. तळवलीच्या जागी तुमच्याच नियतकालिकातला दोन वर्षांपूर्वीचा आढावा, आधीच्या अभ्यासांची गोळाबेरीज करणारा लेख. हापिसात पोचताच मी तो आढावा उघडला. त्यात तेच वाक्य, जवळजवळ तेच शब्द, आणि त्याला आधार एकच, आमची तळवली. दुसरा कुणीही नाही. म्हणजे उद्या या लेखावरून कुठे कुणी बाळंतिणींसाठी नियम लिहिले, तर त्याला तुमचा आढावा सापडेल, चकचकीत, ताजा. त्यामागे एक शाळेची पडवी आहे, तिथे कामाला कधी गेलात असं विचारलं होतं, आणि पाणी कुणी मोजलं नव्हतं, हे त्याला कुठूनही कळणार नाही. चूक कायमची होईल, कारण ती कुणाची आहे हेच पुसलेलं असेल. बरोबर माणसाचं नाव पुसणं हा अन्याय आहेच, पण चुकलेल्या माणसाचं नाव पुसणं जास्त वाईट. मग त्याला जाऊन विचारायचं कसं?

मी विचारलं. डॉक्टर स्मिता नेरूळला राहतात, दवाखाना कधीच बंद केलाय, नंबर आमच्या गावच्या जुन्या नर्सबाईंकडे होता. जिन्यात उभी राहून फोन लावला. वाटलं होतं, चिडतील. मी सगळं सांगितलं, हंड्यासकट. 

"पाणी," त्या म्हणाल्या. "अरे देवा. पाणी." मग म्हणाल्या, "आमच्या घरात नळ होता गं. माझ्या डोक्यातच आलं नाही."

"त्यांच्याही नाही आलं."

"तू चिडलीयस?"

"तुमच्यावर नाही."

"मग ठीक आहे." आवाजात एकदम जान आली, त्या खुर्चीतून उठल्या असाव्यात. "तो पेपर कधी कुणी वाचला असेल असं मला वाटलंच नव्हतं. वाचला असता तर कुणी तरी भांडलं असतं, आणि मी परत गेले असते. मला ना, भांडायलासुद्धा कुणी भेटलं नाही. त्या बायका आहेत अजून?"

"पुष्कळ आहेत. सुकट निवडतायत."

"माझी एक विद्यार्थिनी आहे, कॉलेजात शिकवते. तिला घेऊन येते. पुन्हा विचारू, नीट विचारू. पण ऐक, तिला कॉलेजच्या संशोधन मंजूर करणाऱ्या समितीसमोर दाखवावं लागेल की हा दावा आजही चालू आहे आणि तो या पेपरवर उभा आहे. ती ओळ तिथं राहिली पाहिजे. माझं नाव राहिलं पाहिजे, चुकीसकट. काढू देऊ नकोस."

काढू देऊ नकोस. जशी काही मी कुणी होते.

प्रसाद आमचा टीम लीड. वाईट माणूस नाही, क्लायंटच्या मेलला तो देवाच्या कौलासारखं मानतो, एवढंच. मी त्याच्या टेबलाशी गेले तेव्हा तो डबा उघडत होता.

"मनस्वी, लाल म्हणजे उडवायचं. यात डिस्कशन काय?"

"अर्थ बदलतोय. अर्थ बदलत असेल तर लेखकाला क्वेरी टाकायची, हा आपलाच नियम आहे." क्वेरी म्हणजे आम्ही लेखाच्या कडेला टाकतो तो प्रश्न, त्याचं उत्तर दिल्याशिवाय लेखक पुढे जाऊ शकत नाही.

"क्लायंट बोललाय, नो क्वेरी. तुला काय, गावाच्या नावाची कमान उभारायचीय का तिथं?"

"कमान नको. पाटी पुरे."

"आणि तूच म्हणतेस तो पेपर चुकलाय."

"म्हणून तर."

"यार, बरोबर असता तर ठेवायला सांगितलं असतंस, चुकलाय तर ठेवायला सांगतेस. तुझ्याशी जिंकायचं कसं?" तो पोळीचा तुकडा मोडून तसाच धरून राहिला. "अकाउंट हातातून गेलं तर तुझं नाव येईल. माझं नाही. मी आधीच सांगून ठेवतो."

"येऊ दे."

मी सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं त्याला, नियम, आढावा, हंडा. तो ऐकत होता की नाही कळत नव्हतं, डब्यात बघत होता. त्याची बायको सोनम नुकतीच बाळंत झालीय, घणसोलीला त्यांच्या सोसायटीत लिफ्ट बंद असते, फ्लॅट चौथ्या मजल्यावर. मी हे मुद्दाम काढलं नाही. पण मी वळले तेव्हा तो मागून म्हणाला, अगदी सहज, जेवणातलं काही विचारावं तसं, "पाण्याचा जार असतो ना गं, वीस लिटरचा. तो चालतो का या दिवसांत उचललेला?"

"नाही."

"ती बोलली, एवढंसं काय त्यात."

"त्या पण असंच बोलल्या."

त्यानं डबा झाकला आणि फोन घेऊन बाहेर गेला. आत आला तेव्हा माझ्याकडे न बघता म्हणाला, "एकच टाक. आणि इंग्रजी साधं ठेव, भाषण नको. पाठवते वेळी मला कॉपीत घे."

घरी जाऊन आईला सांगितलं की डॉक्टरीणबाई येणार आहेत. तिनं ते काशीमावशीला सांगितलं, काशीमावशीनं आळीला. आता तिथं रोज संध्याकाळी बायका आठवतायत. कुणी बावडीच्या पायऱ्या, कुणी लाकडाची मोळी, कुणी पहिल्या पोराला कडेवर आणि दुसऱ्याला पोटाशी घेऊन उचललेलं भाताचं पोतं. एकमेकींच्या चुका काढतात, खोटारडी म्हणतात, आणि पुन्हा आठवतात. मी ऐकत बसते. एवढ्या वर्षांनी या बायकांना कुणी काही विचारणार आहे, एवढ्या बातमीनं त्यांचे आवाज बदललेत. आईनं परवा उंबरठ्याशी मांडी घालून, स्वतःशीच, हळू, धवल्याचे शब्द जुळवून पाहिले. अडखळली तिथे थांबली, मागे गेली, पुन्हा सुरू केलं. माघ महिन्यात गावात एक लग्न आहे, तिथून बोलावणं आलंय, आणि तिनं नाही म्हटलेलं नाही.

क्वेरी मी आज पाठवली. लेखिकेला, आणि तुम्हाला. लेखिका कुठल्या दूर देशातली आहे, तिला तुम्ही काय उडवताय हे माहीतही नसेल. तुम्हाला माहीत आहे. लाल तुम्ही केलंत. साधं इंग्रजी ठेवलंय, प्रसादच्या सांगण्याप्रमाणे. लिहिलंय की हा संदर्भ काढू नये, कारण पुढचं वाक्य फक्त यावरच उभं आहे, आणि तुम्ही सुचवलेला आढावाही यावरच उभा आहे. लिहिलंय की या अभ्यासात विश्रांती म्हणजे मिठागरात न जाणं एवढंच धरलं गेलं, घरातलं पाणी, लाकूड, धान्य विचारलं गेलं नाही; मूळ संशोधक हे मान्य करतात आणि त्या स्त्रियांना पुन्हा विचारणार आहेत. संदर्भ ठेवावा आणि वाक्य बदलावं. खाली दोन चौकटी दिल्यात, क्वेरीला असतात तशा. त्यातली एक भरल्याशिवाय तुमची फाइल पुढे जाणार नाही, ही सोय तुमच्याच यंत्रात आहे, मी केलेली नाही. म्हणून पत, आकडे, दोन वर्षं, सगळं बाजूला ठेवा आणि एवढंच सांगा: बाळंतिणीनं डोक्यावरून आणलेलं पाणी तुमच्या शास्त्रात वजन आहे की नाही? हो, की नाही? खाली सही करून कळवा.